रेडिओवरचं प्रवचन: पटतं ते आवाजामुळे की शब्दांमुळे?

लिप्यंतरकार

धार्मिक रेडिओ-प्रवचनांची, बहुतेक पंधरा मिनिटांची, जुनी-नवी ध्वनिमुद्रणं तपासतो आहे. पंथ वेगवेगळे, भाषा वेगवेगळ्या. प्रत्येकाचं शब्दन् शब्द लिप्यंतर केलं आहे, म्हणजे ऐकून कागदावर उतरवलं आहे. ऐकताना जे मनाची पकड घेतं ते कागदावर पार विरून जातं. युक्तिवाद बघावा तर तीन ओळींत संपतो, बाकी सगळं तेच ते. उलट, कागदावर भरीव वाटणारी काही प्रवचनं ऐकवत नाहीत.

तेव्हा आवाजाचं काम कुठे संपतं आणि शब्दांचं कुठे सुरू होतं, हे वेगळं कसं काढायचं? ‘आवाजात गोडवा आहे’, ‘वाणी ओघवती आहे’ असली विशेषणं नकोत. मोजता येईल, निदान बोट ठेवून दाखवता येईल, असं हवं.

मंद्रसप्तक

लिप्यंतरात पहिली गोष्ट हरवते ती अंतर. वक्ता श्रोत्यापासून किती लांब आहे, हे कागद सांगत नाही.

नाट्यशास्त्रात पाठ्याची (रंगमंचावर म्हणायच्या मजकुराची) तीन स्थानं दिली आहेत: उर, कंठ आणि शिर. लांबच्या माणसाला हाक मारायची तर शिर, फार लांब नसलेल्याशी बोलायचं तर कंठ, अगदी शेजारच्याशी बोलायचं तर उर. व्यासपीठावरचा प्रवचनकार शिर आणि कंठ यांवर जगतो. रेडिओवर मायक्रोफोन तोंडापासून वीतभर असतो आणि श्रोता एकटा असतो, म्हणजे तो कायम ‘शेजारचा’. २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली उपासना थेट प्रसारित केली. धार्मिक प्रक्षेपणाची सुरुवात सहसा तिथून धरतात. ते बोलणं सभागृहासाठीचं होतं, रेडिओ फक्त चोरून ऐकत होता. स्टुडिओत बसून एकट्याशी बोलायची रीत नंतर घडली. सभागृहातलं बोलणं स्टुडिओत तसंच आणलं की काय होतं, ते आजही ऐकू येतं: लहान खोलीत ओरडणारा माणूस.

इथे एक गैरसमज आहे. आवाज मोठा लागला तर ध्वनिपातळी खाली आणू, झालं. तसं होत नाही. जोर लावून बोललं की आवाजाचा पोतच बदलतो, २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातली ऊर्जा वाढते. पातळी कितीही उतरवा, हळू वाजणारं ओरडणं कानाला ओरडणंच वाटतं. आणि हळू बोललेलं मोठ्याने वाजवलं तरी ते कुजबुजीच्या जवळचंच राहतं.

दुसरा घटक म्हणजे जवळिकीचा परिणाम. एका दिशेने ऐकणारा मायक्रोफोन तोंडाच्या जवळ आणला की खालचे स्वर फुगतात. ३० सें.मी.च्या आत ते जाणवू लागतं आणि ५ सें.मी.वर १०० हर्ट्झच्या आसपास १० डेसिबलच्या घरात वाढ होऊ शकते (मायक्रोफोनागणिक आकडा बदलतो). पुरुषाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे फुगवटा नेमका त्याच्यावर बसतो. स्त्रीचा १६५ ते २५५ मध्ये असतो, त्यामुळे तिला त्याचा फायदा कमी. पुरुष प्रवचनकाराच्या ‘भारदस्त’ वाणीतला काही भाग मायक्रोफोनने दिलेला असतो. चारही दिशांनी ऐकणाऱ्या मायक्रोफोनला हा परिणाम होत नाही. दोन मुद्रणांची तुलना करताना कुठला वापरला होता ते आधी शोधा, नाहीतर वक्त्याऐवजी यंत्राचा अभ्यास होईल.

आता याला एक मेख आहे. छोट्या रेडिओच्या स्पीकरमधून १५० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही बाहेर पडत नाही. तरी आवाज खर्जातला वाटतो, कारण वरचे स्वरांश (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) ऐकून मेंदू हरवलेला मूळ स्वर भरून काढतो. ‘उराचा आवाज’ मात्र हेडफोनवर जितका येतो तितका त्या डब्यातून येत नाही. तिथे जवळीक कळते ती श्वासाच्या आवाजावरून, जोर न लावलेल्या उच्चारावरून आणि खोलीचा घुमारा नसल्यामुळे.

शेवटचा नाही

वरच्या प्रतिसादात भर. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या टोकाला येतात. श्वास संपतो तोही तिथेच. सवयीने प्रत्येक वाक्य उतरत्या स्वरात मिटवणारा वक्ता ‘तो कोणालाही विसरत नाही’ मधला ‘नाही’ गिळतो. मध्यम लहरींवर खरखर असली की श्रोत्याला ‘तो कोणालाही विसरत’ एवढंच पोचतं. इंग्रजीतला नकार आधीच येऊन जातो, त्यामुळे तिथली वाचनाची पुस्तकं ही काळजी घ्यायला सांगत नाहीत.

उपाय: लांब वाक्यात श्वास क्रियापदाच्या दोन-तीन शब्द आधी घ्यायचा, नंतर नाही. गंमत अशी की हीच जागा मन वळवण्यासाठीही सगळ्यात कामाची. ‘आणि त्या रात्री त्याने काय केलं असेल? त्याने दार... उघडलं.’ क्रियापदाआधीचा विराम श्रोत्याला अर्थासाठी ताटकळत ठेवतो. जुन्या शास्त्रात याला साकांक्ष काकू म्हणतात (नात्यातली नव्हे): अर्थ पुरा व्हायचा आहे हे सांगणारी स्वराची ठेवण. पुरा झाला की निराकांक्ष. लिप्यंतरात टिंबं देऊन भागत नाही, विराम किती सेकंदांचा आणि त्याआधीचा स्वर वर राहिला की खाली आला, दोन्ही लिहा. स्वर खाली आला तर तो विराम म्हणजे नुसता श्वास. वर राहिला तर आमिष.

आणखी एक, बारीकसं. भक्ती, प्रभू, भगवंत, प्रार्थना, फळ: धार्मिक शब्दसंपदा ओठांच्या स्फोटक वर्णांनी भरलेली आहे. मायक्रोफोन समोर धरला तर दर चार शब्दांमागे एक धप्पा. तोंडाच्या रेषेपासून ३० ते ४५ अंश बाजूला ठेवायचा, मध्ये हवेचा झोत अडवणारी जाळी, आणि ८० हर्ट्झच्या खालचं गाळून टाकायचं. धप्पे राहिले की श्रोता अर्थाऐवजी यंत्र ऐकतो.

पूर्वपक्ष

शब्दांची बाजू मी घेतो. ‘तेच ते’ म्हणून तुम्ही जे बाजूला ठेवलंत तिथेच खरा माल आहे.

कान मागे जाऊ शकत नाही. वाचक हरवला तर ओळ पुन्हा वाचतो. श्रोता हरवला तर सुटला, आणि रेडिओ कोणी मध्येच लावला असेल तर त्याला सुरुवात माहीतच नसते. म्हणून मूळ वाक्य दर दोन-तीन मिनिटांनी त्याच शब्दांत परत येतं. समानार्थी शब्द घालून सजवलं की श्रोत्याला तो नवा मुद्दा वाटतो. याची दुसरी बाजू: १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी दाखवलं की पुन्हा ऐकलेलं विधान पहिल्यांदा ऐकलेल्यापेक्षा अधिक खरं वाटतं, ते खरं असो वा नसो. म्हणून लिप्यंतरात पुनरुक्तीचे दोन रंग ठेवा. विषयाची आठवण देणारी पुनरुक्ती वेगळी, पुराव्याच्या जागी बसवलेली पुनरुक्ती वेगळी. ओळखायची खूण सोपी: ‘कारण’ नंतर काय येतं ते बघा. नवीन काही येतं, की आधीचंच वाक्य चढ्या स्वरात?

सर्वनामं मोजा. मराठीत हा मोठा खजिना आहे. ‘आम्ही’ श्रोत्याला बाहेर ठेवतं, ‘आपण’ आत घेतं. शिवाय ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’सुद्धा आहे. मुरलेला वक्ता या दुहेरीपणावर चालतो: ‘आपण सारे चुकतो’ (मीही), ‘आपण कबूल करतो का?’ (अजून मीही), ‘आपण आजच ठरवा’ (आता फक्त तुम्ही). वाक्यांचा जोड कळत नाही, पण वक्ता मधल्या मध्ये बाहेर निसटलेला असतो. आदेश नेमका कुठल्या मिनिटाला सुरू होतो हे क्रियापदाच्या रूपावरून सापडतं. सहसा शेवटच्या चौथ्या हिश्शात.

‘बंधूंनो आणि भगिनींनो’ ही हाक ऐकली की समजा मजकूर सभागृहासाठी लिहिलेला आहे. रेडिओच्या खोलीत ‘बंधू’ अनेक नसतात. १९५६ साली हॉर्टन आणि वोल यांनी रेडिओ-दूरचित्रवाणीच्या श्रोत्याला वक्त्याशी ओळख असल्यासारखं वाटणाऱ्या एकतर्फी नात्याचं वर्णन केलं. ते नातं एकवचनी असतं. अनेकवचनाने ते तुटतं.

तिसरं म्हणजे श्रोत्याच्या तोंडी घातलेला आक्षेप. ‘तुम्ही म्हणाल, मग चांगल्या माणसांना दुःख का?’ आपल्याकडे याला पूर्वपक्ष म्हणतात. रेडिओवर उलट प्रश्न विचारायची सोयच नसल्याने याचं वजन दुप्पट. प्रामाणिक आणि लबाड यांतला फरक इथे स्वच्छ दिसतो: आक्षेप सगळ्यात बळकट रूपात मांडला आहे, की पाडायला सोपा असा पुतळा उभा केला आहे? आवाजही पकडून देतो. पुतळा उभा करताना वक्ता आक्षेपकाची वाक्यं किंचित नाकात, किंचित घाईने म्हणतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

इतिहासातलं उदाहरण घ्यायचं तर चार्ल्स कॉग्लिन. मिशिगनमधल्या रॉयल ओकचा हा कॅथलिक धर्मगुरू १९२६ मध्ये डेट्रॉइटच्या डब्ल्यूजेआर केंद्रावरून बोलू लागला. १९३० मध्ये तो सीबीएस या अमेरिकी रेडिओ-केंद्रांच्या जाळ्यावर गेला, तिथून १९३१ मध्ये बाहेर पडावं लागल्यावर त्याने केंद्रांचं स्वतःचं जाळं जुळवलं. धर्मोपदेश हळूहळू राजकारण झाला, आणि मग उघड ज्यूद्वेष. २० नोव्हेंबर १९३८ च्या भाषणात, जर्मनीतल्या ज्यूंवरच्या हल्ल्यांना दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, रशियन क्रांतीला ज्यू धनकोंनी पैसा पुरवल्याचा खोटा आरोप त्याने दस्तऐवज आणि नावं वाचून दाखवत केला. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएमसीए केंद्राने त्यात चुका असल्याचं श्रोत्यांना सांगितलं आणि पुढचं भाषण आधी तपासल्याशिवाय लावायला नकार दिला. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या प्रक्षेपकांच्या संघटनेने वादग्रस्त विषयांसाठी वेळ विकण्यावर बंधनं आणली, १९४० मध्ये त्याचं प्रक्षेपण बंद झालं.

१९३७ साली स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने १९३९ मध्ये याच कॉग्लिनची भाषणं छापून, प्रचाराच्या सात युक्त्यांपैकी कुठली कुठे आहे ते मजकुरातच लहान चिन्हांनी दाखवलं: शिक्का मारणं, चकचकीत शब्द, पावित्र्याची उसनवारी, साक्ष, ‘मी तुमच्यातलाच’, निवडक पुरावा, ‘सगळे तिकडेच चालले’. तुमच्या कामाला ही पद्धत थेट उपयोगी आहे. मात्र चिन्हं शब्दांवर पडतात. आयरिश वळणाचे, घोळवलेले ‘र’, कागद वाचतानाचा वकिली थंडपणा, त्यानंतर अचानक चढणारा स्वर यांना चिन्ह नव्हतं. आवाजाच्या चिन्हांची ती ओळ तुम्ही वाढवा.

द्रुतलय

एका गोष्टीशी असहमत, म्हणजे धाग्यातल्या सुराशी. सगळे जण संथ आणि जवळचं हेच प्रभावी असं धरून चाललेले दिसतात. १९७६ साली नॉर्मन मिलर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत वेगाने बोलणारा अधिक जाणकार वाटला आणि अधिक पटला. वेग म्हणजे आत्मविश्वास असं श्रोता धरतो.

मंद्रसप्तक

बरोबर, पण तो निकाल अर्धा आहे. त्याच काळातल्या दुसऱ्या प्रयोगांत वेग वाढवला की कर्तबगारी वाढलेली वाटते, पण भलेपणा मधल्या वेगाला सगळ्यात जास्त वाटतो आणि दोन्हीकडे उतरतो. प्रवचनकाराला भलेपणाची गरज जास्त. शिवाय स्मिथ आणि शेफर यांनी १९९१ मध्ये दाखवलं की वेगामुळे श्रोत्याला विचार करायला सवड मिळत नाही. म्हणजे तो आधीच विरोधात असेल तर प्रतिवाद सुचत नाहीत आणि वक्त्याचा फायदा होतो. तो आधीच बाजूने असेल तर स्वतःची अनुकूल भर घालता येत नाही आणि तोटा होतो. श्रद्धावान श्रोत्यासाठी संथ, परक्यासाठी वेगवान, असं गणित निघतं. धार्मिक कार्यक्रमाचा नेहमीचा श्रोता कोण असतो ते तुम्हीच बघा. आणि प्रतिवाद सुचू नयेत म्हणून कोणी वेग वाढवत असेल तर ते नोंदवा, ती नोंद मोलाची.

वेगाचे दोन आकडे घ्या, एक नको. एकूण गती म्हणजे विरामांसकट, उच्चारगती म्हणजे विराम वगळून. संथ वाटणाऱ्या बऱ्याच वक्त्यांची उच्चारगती साध्या गप्पांइतकीच निघते, संथपणा सगळा विरामांत असतो. शब्द मात्र ओढून ओढून म्हटले की तो उपदेश लहान मुलांसाठी वाटतो. मराठीत शब्द मोजू नका, प्रत्यय चिकटल्याने ‘घराघरांतूनसुद्धा’ एकच शब्द होतो. उच्चारलेली अक्षरं मोजा, दर सेकंदाला किती.

लिप्यंतरकार

सर्वांचे आभार. आता मोजायचं कशाने? आणि विराम किती लांब झाला की तो ‘वक्तृत्वाचा’ म्हणायचा?

खरखर

अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या बोर्स्मा आणि वेनिंक यांचं ‘प्रात’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. क्रम असा ठेवा.

१. ध्वनिफीत असंकुचित (उदा. डब्ल्यूएव्ही) आणि एकवाहिनी (मोनो) करून घ्या. मागे संगीत असलेले तुकडे वेगळे काढा. संगीत असेल तिथे स्वराचा आलेख तंबोऱ्याचा निघतो, माणसाचा नाही.

२. स्वराच्या मर्यादा: पुरुषासाठी ७५ ते ३०० हर्ट्झ, स्त्रीसाठी १०० ते ५००. वक्ता शेवटाकडे चढत असेल तर पुरुषाची वरची मर्यादा ५०० पर्यंत न्या, नाहीतर चढलेला स्वर गायब होतो किंवा निम्म्यावर नोंदला जातो. आलेखात स्वर अचानक बरोबर दुप्पट किंवा निम्मा झालेला दिसला तर बहुधा यंत्राची चूक, कानाने तपासा.

३. चढ-उतार हर्ट्झमध्ये मोजू नका, अर्धस्वरांत (सप्तकाचा बारावा भाग) मोजा. ११० वरून २२० आणि २०० वरून ४००, दोन्ही चढ १२ अर्धस्वरांचेच.

४. शांतता आपोआप शोधताना मूळ मांडणीत किमान विराम ०.१ सेकंद असतो. तो ०.३ करा. नाहीतर ‘प’, ‘त’, ‘क’ म्हणताना तोंड बंद होतं तो क्षणही विराम धरला जातो. शांततेची पातळी उणे २५ डेसिबलवर राहू द्या.

घोळ होतो तो संपीडकामुळे (कंप्रेसर). केंद्रावर आवाजाची पातळी सपाट केलेली असते, त्यामुळे श्वास शब्दांइतका मोठा होतो आणि एक लांब विराम शांतता-श्वास-शांतता असा दोन तुकड्यांत पडतो. श्वास हाताने खुणा करून जोडा. संपीडित मुद्रणात ‘कुठे जोरात, कुठे हळू’ हे मोजण्यात अर्थ नाही, ती माहिती पुसली गेली आहे. म्हणूनच रेडिओवर जोराऐवजी स्वर, गती आणि विराम कामाला लावावे लागतात. सभागृहातल्या मुद्रणात उलटा त्रास: दीड-दोन सेकंदांचा घुमारा विराम खाऊन टाकतो.

विरामाच्या लांबीबद्दल. गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास वेळ जातो. म्हणजे प्रश्नानंतर एक-दीड सेकंद गेला की श्रोत्याच्या मनात त्याचं स्वतःचं उत्तर येऊन गेलेलं असतं, आणि स्वतः दिलेलं उत्तर माणूस सहसा खोडत नाही. मी अंदाजे अशी वर्गवारी ठेवतो: ०.३ ते ०.६ व्याकरणाचा, ०.७ ते १.८ श्रोत्यासाठी सोडलेला, त्यापुढचा नाट्याचा. तीन सेकंदांच्या पुढे रेडिओवर माणूस सेटकडे बघू लागतो. संपीडक बोलणं थांबताच पातळी झटपट वर उचलणारा असेल तर त्याही आधी विरामात खोलीची घरघर फुगत जाते आणि सगळी जादू जाते. त्यावर आवाज पूर्ण तोडणारं फाटक (नॉइज गेट) लावू नये, श्वास कापले जाऊन वक्ता मेल्यासारखा वाटतो. ६ ते १० डेसिबल खाली नेणं पुरे.

आता मूळ प्रश्न, वेगळं कसं काढायचं. एकाच प्रवचनाची चार रूपं करा: मूळ मुद्रण, कागदावरचा मजकूर, दुसऱ्याने सपाट आवाजात वाचलेलं, आणि ४०० हर्ट्झच्या वरचं सगळं गाळलेलं मूळ. चौथ्यात शब्द कळत नाहीत, चाल तेवढी राहते. ते हेडफोनवरच ऐकवा, छोट्या स्पीकरवर काही उरणार नाही. प्रत्येक रूपासाठी श्रोते वेगळे, एकाने दोन ऐकली की दुसरं आठवणीतून ऐकलं जातं. प्रश्नही वेगवेगळे विचारा: काय कळलं, माणूस भला वाटला का, सांगितलं ते कराल का. आवाज बहुतेक दुसऱ्या प्रश्नावर काम करतो.

पूर्वपक्ष

कागदाबद्दल एक पुरवणी. ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांनी १९४१ पासून बीबीसीवर दिलेली श्रद्धेवरची भाषणं छापली गेली तेव्हा आधी बोलीतली जोडरूपं (इंग्रजीतल्या ‘don't’सारखी) तशीच ठेवली होती आणि आवाजात जोर दिलेले शब्द तिरप्या अक्षरांत दिले होते. १९५२ च्या एकत्रित आवृत्तीत त्यांनी ते काढलं, बोलणं आणि लिहिणं यांची ती नको ती खिचडी होती म्हणून. जोराच्या जागी वाक्यच नव्याने रचलं. त्यामुळे ‘मूळ मजकूर’ म्हणून कुठली आवृत्ती हातात आहे ते पाहा. छापील पुस्तकावरून विश्लेषण करत असाल तर आवाजाचं काम आधीच शब्दांत ओतलेलं असेल आणि शब्द आहेत त्यापेक्षा समर्थ दिसतील.

लिप्यंतरकार

हे ध्यानात नव्हतं, बघतो. शेवटचं एक: सी. एल. फ्रँकलिन यांच्यासारख्या आफ्रिकन-अमेरिकन प्रवचनकारांच्या मुद्रणात मागून लोकांचे हुंकार येतात. ते आवाज गाळून मोजू का?

मंद्रसप्तक

गाळू नका. तिथे सुरुवात बोलण्याने होते, शेवटी तालात गाणं होतं, आणि गती कोण वाढवतं ते हुंकारांवरूनच कळतं. प्रत्येक हुंकार वक्त्याच्या ओळीनंतर किती वेळाने आला ते नोंदवा. सुरुवातीला तो मागून येतो. ताल बसला की वक्ता नेमकी त्याच्यापुरती जागा सोडू लागतो आणि अंतर ठरावीक होतं. त्या क्षणाला खूण करा, आणि तिथपासून पुढची उच्चारगती वेगळी काढा. घरी एकटा ऐकणारा त्या हुंकारांत जाऊन बसतो, त्यामुळे तिथे ‘बंधूंनो’ चालून जातं. मायक्रोफोन दोन असतील, एक वक्त्याचा आणि एक लोकांचा, तर लांबच्या मायक्रोफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो, दर १० मीटरला जवळजवळ ०.०३ सेकंद. एवढ्याशा फरकाने अंतरांचं गणित बिघडत नाही, पण दोन्ही मिसळल्यावर वक्त्याचा आवाज पोकळ होतो. तो पोकळपणा त्याच्या खात्यात लिहू नका.